शेजारच्या खाटेची तक्रार

नाव पिवळं झालं तेव्हा तो जेवणाचा डबा धुऊन नुकताच खुर्चीवर येऊन बसला होता आणि हात अजून ओले होते. नावं पिवळी होणं हा तर त्याचा रोजचा धंदा. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत जुन्या रुग्णांचे कागद संगणकावर चढवलेले असत. यंत्र ते वाची, जिथे नाव, पत्ता, फोन, गाव असं काही दिसेल तिथे पिवळा पट्टा ओढी, आणि हा एकेका पट्ट्यावर जाऊन खातरजमा करून कळ दाबी. कळ दाबली की माणसाचं नाव जाई आणि त्या जागी चौकटीत 'रुग्ण' एवढाच शब्द उरे. मग ते कागद संशोधन करणाऱ्यांकडे जात. त्यांना आजार हवा असे, माणूस नको असे. यंत्र हुशार होतं आणि बिनडोकही होतं. 'समोरच्या शाळेचे मुख्याध्यापक' या शब्दांत त्याला काही वावगं दिसत नसे, आणि एखाद्या औषधाला मात्र ते बाईमाणूस समजून पिवळं करून ठेवी. म्हणून त्याच्यासारखा एक डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागे. इतकी वर्षं हे केल्यावर त्याची नजरच तशी झाली होती. घरी जाताना बसमध्ये समोर बसलेली बाई त्याला 'वय अंदाजे पन्नास, उजवा गुडघा' अशी दिसे, आणि पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांची नावं लक्षात न राहिल्यामुळे त्याने सगळ्यांनाच 'या, बसा' म्हणून वेळ मारून नेली होती. नावाचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. हे नाव मात्र त्याने ओळखलं. ओल्या हातांनी कळफलक धरू नये म्हणून त्याने हात पँटला पुसले, आणि पुसतच राहिला.

हे नाव त्याने आयुष्यात दोनदाच वाचलं होतं. एकदा लग्नाच्या नोंदणीच्या वेळी, बायकोच्या अर्जावर, 'पूर्वीच्या पतीचे नाव' या रकान्यात. तिने ते सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं वळणदार लिहिलं होतं आणि ह्याने नजर दुसरीकडे वळवली होती. दुसऱ्यांदा, लग्नानंतर काही दिवसांनी, स्वयंपाकघराच्या खणात. तिथे एक जुना लोखंडी पाना होता आणि त्याच्या दांड्यावर ते नाव खिळ्याने कोरलेलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा पाना. तो माणूस लिफ्ट बसवायचा आणि दुरुस्त करायचा, तरुणपणीच गेला, एवढंच ह्याला माहीत होतं. एवढंच पुरे, असं लग्न जुळवायला मधे पडलेल्या मावशीने सांगितलं होतं. 'हे बघ, मेलेल्या माणसाशी कुणाचं भांडण नसतं,' ती म्हणाली होती, 'पण बरोबरी करायलाही जाऊ नकोस हो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं.' त्याला तेव्हा हसू आलं होतं. चाळिशीला आलेला माणूस तो, नोकरी पक्की, घर स्वतःचं. कशाला बरोबरी करायला जाईल? पण स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की बायको खण उघडून तोच पाना काढायची, पदर खोचून नळाशी वाकायची, आणि दोन झटक्यांत गळती बंद. नवा पाना आणतो म्हटलं तर म्हणायची, 'कशाला? हा चांगला आहे की.' एकदा नळ घट्ट करताना, पाठमोरीच, ती सहज बोलून गेली होती, 'तो म्हणायचा, जोर नाही लावायचा, धरायचं नीट.'  तो म्हणायचा. ते म्हणायचे नव्हे. ह्याला ती 'अहो' म्हणते, 'तुम्ही' म्हणते, त्यात मान आहे, माया आहे, सगळं आहे. पण त्या रात्री कूस बदलता बदलता त्याने तो एक शब्द कितीदा तरी तोंडात फिरवून पाहिला होता. तो. तो म्हणायचा.

नियम अगदी सरळ होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही घेतली होती. नातेवाइकाचा किंवा ओळखीच्या माणसाचा कागद समोर आला तर तो उघडायचा नाही. एक चिठ्ठी भरायची, तिच्यावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना असे, आणि कागद दुसऱ्याच्या हवाली करायचे. हा दुसरा माणूस म्हणजे समोरच्या टेबलावरची पडताळणी करणारी बाई. तिच्या हातून काही निसटत नसे म्हणून साहेबांनीच तिचं नाव 'चाळणी' पाडलं होतं आणि तिलाही ते आवडत असावं, कारण फोन उचलताना ती स्वतःच कधीकधी म्हणे, 'हां, चाळणी बोलतेय.' तेव्हा चिठ्ठी घ्यायची, भरायची, चाळणीला द्यायची. दोन मिनिटांचं काम. तो चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. ओळखीचा माणूस? त्याला तर ह्याने उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, फोटोसुद्धा नाही. नातेवाईक? कुठलं नातं? मावसभावाच्या मेव्हण्यालासुद्धा आपल्याकडे शब्द आहे. बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. मुलाचा सासरा व्याही. बाईला सवत असते आणि ती मेली तरी सवतच राहते, तिचा फोटो भिंतीवर, तिच्या नावाने पोटात दुखणं रीतसर, चारचौघांत मान्य असलेलं. पण पुरुषाच्या आधी जो पुरुष होऊन गेला त्याला काय म्हणायचं? कुणी काही म्हणतच नाही. म्हणजे नातं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ही सगळी वकिली त्याने मनातल्या मनात केली, समोर चाळणी खाली मान घालून काम करतेय हे पाहिलं, आणि कागद उघडला.

पहिल्या कळीला नाव गेलं. एका झटक्यात. त्याला असं काही गोड वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. मग पुढचं पान, पुन्हा तेच नाव, पुन्हा कळ. सगळीकडची नावं एकदम काढायची सोय होती, पण त्याने ती वापरली नाही. एकेक करून काढली. रुग्ण. रुग्ण. रुग्ण. घे, आता तू कुणीच नाहीस. पत्ता गेला. ज्या घरात ती दोघं राहिली त्या घराचा नंबर, गल्ली, मजला, सगळं गेलं. 'रुग्ण सांगतात की या इमारतीची मागची लिफ्ट त्यांनी बसवली आहे,' असं कुणी नर्सने कौतुकाने लिहून ठेवलं होतं, तेही काढणं भाग होतं, कारण त्यावरून माणूस ओळखता आला असता. म्हणजे रोज सकाळी ज्या लिफ्टने तो तळघरात उतरतो, जी मधेच किंचित हिसका देते आणि मग लोण्यासारखी उतरते, ती त्याची. इतकी वर्षं हा त्याच्या हातांत वरखाली करत होता. त्याने ओळ काढली. पण एक गोष्ट काढता येत नव्हती. 'पत्नी.' पत्नी हा शब्द ठेवायचा असतो. नात्याने माणूस ओळखू येत नाही, असं नियम सांगतो. पत्नी सोबत. पत्नीने पाणी पाजलं. पत्नीने रुग्णाची दाढी केली. रुग्ण जेवण्यास नकार देतात, पत्नी समजावत आहे. पानापानांवर पत्नी, पत्नी, पत्नी, स्वच्छ, बिनपट्ट्याची, आणि तिच्या शेजारचं नाव पुसलं गेल्यामुळे आणखीच ठळक झालेली. ती दाढी करते? ह्याची तिने कधी केली नव्हती. ह्याने कधी म्हटलंही नव्हतं, हे खरं. पण तिच्या बोटांना ते येतं, हे ह्याला इतक्या वर्षांनी एका नर्सकडून कळत होतं. त्याने नकळत आपल्या गालावरून हात फिरवला.

आणि मग ती नोंद आली. साधी, चार ओळींची, घाईघाईत लिहिलेली. 'भेटीची वेळ संपल्यावर रुग्ण व पत्नी मोठमोठ्याने हसत होते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची तक्रार. दोघांना समज दिली. थोड्या वेळाने पुन्हा हसण्याचा आवाज. पुन्हा समज दिली.' बस. वर रक्तदाब, खाली ताप. त्याने ती पुन्हा वाचली. मोठमोठ्याने. त्याच्या बायकोला त्याने मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. ती हसायची, नाही असं नाही. ओठांवर हात ठेवून, डोळ्यांनी. चष्म्याच्या दुकानात काम करते ती, गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवून बघताना जसं हसते तसंच घरीही हसते, नीट बसलंय ना एवढं विचारणारं. तो तिला शांत स्वभावाची समजत होता. लोकांना अभिमानाने सांगत होता, 'आमच्याकडे आवाज म्हणून नाही.' आणि ही शांत बाई मरायला टेकलेल्या माणसाच्या खाटेवर बसून अशी हसत होती की शेजाऱ्याने नर्सला बोलावलं. एकदा नव्हे, दोनदा. समज दिल्यावर पुन्हा! ती दोघं आधी तोंड दाबून थांबली असतील, मग एकमेकांकडे बघितलं असेल, आणि पुन्हा फुटली असतील. ते मधलं बघणं त्याला दिसत होतं. एवढी वर्षं तो तिला मिठीत घेऊन झोपला, तिच्या आजारपणात तिचं डोकं दाबलं, तिच्या आईच्या अखेरच्या काळात रजा काढून बसला, त्या कशातही त्याला इतकं वैभव दिसलं नाही जितकं त्या बघण्यात दिसलं. जळणं म्हणतात ते खरंच जळणं असतं. छातीच्या खाली, मधोमध, ताजं. कशाला हसत होते ते लिहिलं नव्हतं. तो सगळ्या पानावर शोधत राहिला. तापमान, नाडी, लघवीचं माप. हसण्याचं कारण कुठेच नाही.

त्याने ती चार ओळींची नोंद काढून टाकली. नियमात वाट होती: एखादा तपशील इतका दुर्मीळ असेल की त्यावरून रुग्ण ओळखता येईल, तर काम करणाऱ्याने आपल्या अकलेने तो काढावा. त्याने आपली अक्कल वापरली. मग तारखांची कळ दाबली. तारखाही खऱ्या ठेवायच्या नसतात. यंत्र आपल्या मनाने एक अंतर ठरवतं आणि त्या रुग्णाच्या सगळ्या तारखा तेवढ्याने पुढे किंवा मागे सरकवतं, म्हणजे दाखल होणं, घरी जाणं, पुन्हा दाखल होणं यांतलं माप बिघडत नाही, पण खरा दिवस कुणाला कळत नाही. यंत्राने तारखा पुढे सरकवल्या. चांगल्या काही वर्षांनी. आणि त्याने पाहिलं, की आता जिथे हसण्याची नोंद होती त्या पानावर आलेली तारीख त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची होती, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. खोटी तारीख, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच बोटाने झालेली. त्याला ते पक्कं माहीत होतं. तरी त्याचं मन त्या दिवशी जाऊन पोहोचलं. वाढदिवसाला दोघांनी मोठं कपाट घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी, हो, दुसऱ्याच दिवशी, ती उशिरा घरी आली होती. अंधार पडला होता. चपला दारात काढून सरळ स्वयंपाकघरात गेली होती. त्याने आतूनच विचारलं होतं, 'कुठे होतीस इतका वेळ?' आणि ती म्हणाली होती, 'इथेच.' इथेच म्हणजे कुठे? तेव्हा त्याने विचारलं नव्हतं. आता स्क्रीनवर त्या दिवसाखाली लिहिलं होतं, 'पत्नी दिवसभर सोबत.' माणूस शहाणा असला म्हणून काय झालं, सुतावरून स्वर्ग गाठायचाच म्हटलं तर सूत खोटं असलं तरी चालतं. त्याने पहिला भाग पडताळणीला धाडला आणि दुसरा भाग, शेवटच्या दिवसांचा, न उघडता तसाच ठेवून, लिफ्टकडे न बघता जिन्याने वर गेला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला हसवायचा प्रयत्न केला. हे सांगायलाही वाईट वाटतं. त्याने साहेबांची नक्कल केली, बसमधल्या कंडक्टरचा किस्सा सांगितला, आणि त्यात जिथे हसायचं तिथे स्वतःच आधी हसला. तिने तोंडावर हात ठेवून डोळ्यांनी हसून घेतलं आणि विचारलं, 'आज काय विशेष?' तो म्हणाला, 'काही नाही.' नळातून एकेक थेंब गळत होता. 'थांबा, घट्ट करते,' म्हणत ती खणाकडे वळली, तर तो इतक्या जोरात 'राहू दे!' म्हणाला की ती खण अर्धा उघडा टाकून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो हळूच लावला. थेंब पडत राहिला. दोघं जेवली. तिने ताटं उचलली तेव्हा तो तिच्या बोटांकडे बघत होता, ही बोटं वस्तरा कशी धरत असतील, गालाला कुठे टेकत असतील, याचा हिशोब करत.

दुसऱ्या दिवशी चाळणी खुर्ची सरकवून त्याच्याकडे वळली. 'अहो, हे हसणं का काढलंत?'

'ओळख पटेल म्हणून.'

'हसण्यावरून?'

'दुर्मीळ आहे ना. अशी तक्रार कुठे वाचलीत तुम्ही?'

'दुर्मीळ आहे खरं,' ती म्हणाली. 'इतकी वर्षं नुसतं रडणं-कण्हणं वाचतेय मी. पहिल्यांदा कुणीतरी हसलेलं सापडलं, तर ते तुम्ही पुसून बसलात. हसण्यावरून माणूस कोण ओळखणार हो? ज्याने ते हसणं ऐकलं असेल तोच. आणि तो काय संशोधन करायला येणार आहे का?' तिने भाग परत पाठवला. 'ठेवा ते. आणि पुढचा भाग द्या लवकर.'

ज्याने ते ऐकलं असेल तोच. म्हणजे ह्याने ते ऐकलेलंच नव्हतं, आणि न ऐकलेल्या हसण्यावरून तो कालपासून स्वतःच्या बायकोला ओळखायच्या खटपटीत होता. त्याने ओळी परत घातल्या नाहीत. दुसरा भागही उघडला नाही. दिवसभर तो दुसऱ्याच कुणाच्या मूतखड्यांची नावं काढत बसला, आणि त्याचा हात पुन्हा पुन्हा त्या न उघडलेल्या भागावर जाऊन थबकत होता. तिथे असेल कारण. कशाला हसत होते ते तिथे कुठेतरी कुणीतरी लिहिलं असेल. उद्या उघडू, असं त्याने ठरवलं. आणि घरी पोचल्यावर, बूटसुद्धा न काढता, त्याने जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं.

'त्या दिवशी तू कुठे होतीस?'

'कुठल्या दिवशी?' ती चष्म्याच्या काचा पुसत होती, दुकानातून आणलेल्या, उद्या द्यायच्या.

'आपलं कपाट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. उशिरा आलीस. मी विचारलं तर इथेच म्हणालीस.'

तिने काच उजेडात धरली. तो अशी वाट बघत होता, जणू ती खरंच एका मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून आली होती आणि आता तसं कबूल करणार होती.

'कपाट उचलायला गेलात आणि कंबर धरली होती तुमची,' ती म्हणाली. 'विसरलात? कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. रजा टाकून बसले होते मी दिवसभर. संध्याकाळी मलम आणायला गेले ते तीन दुकानं फिरले, कुठेच मिळेना. आल्यावर तुम्ही तिरसटून कुठे होतीस म्हणालात, म्हणून मीही म्हटलं, इथेच. मग चोळलं की मलम रात्रभर.'

त्याला मलमाचा वास आठवला. जळजळीत, डोळ्यांत पाणी आणणारा. तिचा तळवा आठवला, कमरेवरून गोल फिरणारा. हे सगळं त्याच्याच आयुष्यात घडलं होतं आणि त्याने ते कुठेतरी टाकून दिलं होतं, फक्त उशीर तेवढा जपून ठेवला होता. पत्नी दिवसभर सोबत. इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण जळणाऱ्या माणसाला पाणी पुढे केलं तरी तो आधी ते कुणासाठी आणलं होतं ते विचारतो.

'हसली होतीस का?' त्याने विचारलं.

'काय?'

'तेव्हा. मी पडलेलो असताना. हसलो होतो का आपण? मोठ्याने?'

तिने काच खाली ठेवली. फडकं ठेवलं. त्याचं काम काय आहे हे तिला माहीत होतं. कुठल्या इस्पितळात तो ते करतो हेही माहीत होतं. इतकी वर्षं त्या इमारतीचं नाव निघालं की ती विषय बदलायची आणि तो बदलू द्यायचा. ती त्याच्याकडे असं बघत राहिली की त्याला स्वतःच्या पायातले बूट जड वाटायला लागले.

'त्याचे कागद आलेत का तुमच्याकडे?'

त्याचे. 'मला सांगता येत नाही,' तो म्हणाला. हे वाक्य तो नोकरीत हजारदा म्हणाला होता आणि इतकं फाटकं ते कधी वाटलं नव्हतं.

'हं,' ती म्हणाली. नळ ठिबकत होता. मग तिचा चेहरा हलला, आतून काहीतरी वर येत असल्यासारखा. 'म्हाताऱ्याची तक्रार लिहिलीय का हो त्यात?' तिने विचारलं. 'शेजारच्या खाटेवरच्या? दोनदा नर्सला बोलावलं त्याने...' आणि तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला, पण पोचला नाही. ती हसली. मोठ्याने. ह्याला वाटलं होतं ते हसणं काहीतरी सुंदर असेल. तसं मुळीच नव्हतं. जिन्यावरून भांडं गडगडत जावं तसं ते होतं, बेढब, घोगरं, मधेच श्वास अडकणारं, आणि ते थांबेना. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो पाहुण्यासारखा स्वतःच्या घरात उभा राहून ते ऐकत होता. हेच ऐकायला तो तडफडत होता. ऐकायला मिळालं, आणि त्यातलं कणभरही त्याचं नव्हतं.

'कशाला हसत होतात तुम्ही दोघं?' तिचं हसणं थांबल्यावर त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

तिने पदराने डोळे टिपले. बराच वेळ आठवून बघितलं. 'नाही आठवत,' ती म्हणाली. 'खरंच नाही आठवत. फक्त हसलो ते आठवतं. डॉक्टर म्हणाले होते ना, आनंदी ठेवा त्याला. म्हणून मी सारखी हसवायची. हसून हसून दमायचो दोघं.' ती थांबली. 'काही उपयोग झाला नाही. एकदा हसून पाहिलं मी. तुमची कंबर धरली तेव्हा नुसती कंबरच होती, मला कळत होतं. पण तुम्ही आडवे पडलात आणि माझे हातपाय गार पडले. म्हटलं, आता या वेळी हसायचं नाही. गुपचूप बसायचं. कुणाच्या लक्षात येता कामा नये आपण सुखात आहोत म्हणून.'

  तिला जवळ घ्यावं असंही त्याला वाटलं आणि तिने आत्ता दोघांचं एका दमात सांगितलं, एका खाटेवर दोघांना शेजारी निजवलं, याचा रागही आला. तिने पुन्हा काच हातात घेतली.

'सगळं वाचलंत?'

 त्याने मान हलवली, नाही म्हणून.

'वाचलंत ते वाचलंत,' ती म्हणाली. 'पुढचं वाचू नका. पुढचं माझं आहे.' तिने त्याच्याकडे बघितलं नाही. 'वाचलंत तर मला कळेल. तुम्ही नाही सांगितलं तरी तुमच्या तोंडावरून कळेल. मग मी कशी राहू इथे?'

मग ती उठली, खण उघडला, पाना काढला आणि नळापाशी न जाता तो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. 'जोर नका लावू,' एवढंच म्हणून आत गेली. त्याने नळ घट्ट केला. पहिल्यांदा जोर लावला आणि पाना सटकला. दुसऱ्यांदा नुसता नीट धरला. लोखंड थंड होतं आणि कोरलेली अक्षरं तळव्याला लागत होती. थेंब थांबला. थांबला याचंही त्याला वाईट वाटलं, कारण तो माणूस सांगत होता ते बरोबर होतं.

सकाळी तो लिफ्टने उतरला. मधला हिसका बसला तेव्हा त्याने डोळे मिटले. खुर्चीवर बसल्यावर त्याने पहिल्या भागात त्या चार ओळी जिथल्या तिथे परत घातल्या, समज दिल्याच्या दोन्ही वेळांसकट. दुसरा भाग यादीत त्याच्याच खाली होता. एक कळ दाबली की उघडला असता. आत कुठेतरी ते कारण असेल, जे तिलाही आठवत नाही. ते त्याला मिळालं असतं तर तिच्यापाशी नसलेलं असं तिच्याबद्दलचं काहीतरी पहिल्यांदाच त्याच्यापाशी आलं असतं. या विचाराने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेल्या माणसाला सुटतं तसं. त्याचं बोट कळीवर होतं. ती संध्याकाळी दार उघडेल आणि चष्म्याची चौकट बसवताना बघते तसं त्याच्या तोंडाकडे बघेल. त्याने बोट उचललं आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली. 'रुग्णाशी नातं.' रकाना लहान होता. तो पेन धरून बराच वेळ बसला. शेवटी त्याने लिहिलं, 'घरातले.'

चाळणीने चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. 'मग पहिला भाग तुम्ही कसा केलात?'

'चुकलं,' तो म्हणाला. 'साहेबांना मी सांगतो.'

'सांगा. ओरडतील.'  दुसरा भाग तिने आपल्याकडे घेतला, आणि नियमाप्रमाणे तिचा पडदा त्याला दिसणार नाही असा वळवला.

तो दुसऱ्या रुग्णाला लागला. पिवळं झालं की कळ, पिवळं झालं की कळ. समोर चाळणी वाचत होती, तिच्या कळफलकाचा आवाज येत होता. मधे एकदा तो आवाज थांबला. त्याने मान वर केली. ती तोंडावर हात दाबून बसली होती, खांदे हलत होते, आणि हसू आवरत नव्हतं. त्याची चाहूल लागताच तिने झटकन तोंड पुसलं आणि गंभीर झाली. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने तिला विचारायचं नव्हतं, आणि तिने सांगायचं नव्हतं.